जुना मॅक ठेवू की बदलू?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तरच सांगतो. प्रश्न ठरलेला असतो: "इंटेलवाला मॅकबुक आहे, सहा-सात वर्षं झाली, हल्ली फार रखडतो. दुकानदार म्हणतो नवा घ्या. घेऊ का?" इंटेलवाला म्हणजे ॲपलने स्वतःची चिप बसवण्याआधीचा, इंटेल कंपनीच्या चिपचा. घाईत असाल तर आधी उत्तर देऊन टाकतो. मशीन २०१८ ते २०२० च्या दरम्यानचं असेल आणि त्याला सुरक्षेचे अपडेट येत असतील तर आज नवं घ्यायची निकड नाही. पण २०२८ पर्यंत ते बदलावं लागणार हे धरून पैशांची आणि फायलींची तयारी आत्तापासून करा. त्याहून जुनं असेल किंवा अपडेट बंद झाले असतील तर त्यावर बँकेचे व्यवहार करणं आजच थांबवा. आता कारणं.

"रखडतो" म्हणजे नेमकं काय होतंय, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे. मॅकमधलंच ॲक्टिव्हिटी मॉनिटर हे ॲप उघडा, मेमरीच्या टॅबवर जा आणि तुमचं रोजचं काम चालू ठेवा. खाली मेमरी प्रेशरचा आलेख सरकत राहतो. तो हिरवा राहिला तर मेमरी पुरेशी आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. सारखा पिवळा होऊन लालवर जात असेल, तर मशीन मेमरीतलं सामान डिस्कवर टाकतंय आणि परत उचलून आणतंय, त्यातच त्याचा दम जातोय. वरच्या यादीत सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय ते दिसतं. बहुतेक वेळा तो ब्राउझर निघतो, महिनाभर उघडे ठेवलेले टॅब पोटात घेऊन बसलेला.

डिस्क भरल्याची तक्रारही तितकीच येते, विशेषतः १२८ जीबीच्या मशीनवाल्यांकडून. फायली उडवल्या, ट्रॅश रिकामा केला, तरी जागा वाढत नाही. याचं कारण साधं आहे. टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) चालू असेल तर मॅक स्वतःच्याच डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळची डिस्कची स्थिती, ठेवत जातो, आणि तुम्ही उडवलेली फाइल त्या स्नॅपशॉटमध्ये शिल्लक असते. एक दिवस थांबा. चोवीस तासांपेक्षा जुने स्नॅपशॉट तो आपणहून काढून टाकतो आणि जागा दिसायला लागते. त्यासाठी साफसफाईची ॲप्स विकत घेऊ नका.

मॅकबुकमध्ये मेमरी बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे ती वाढवायची सोय नाही. पण २७ इंची आयमॅक असेल, २०१९ किंवा २०२० चा, तर तुमचं नशीब चांगलं. मशीन बंद करा, पॉवरची वायर काढा. वायर जिथे लागते त्याच्या वरच एक छोटं बटण आहे. ते दाबलं की मागचा दरवाजा सुटतो आणि मेमरीच्या चार पट्ट्यांची जागा समोर येते. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. आणि २०१९ चा आयमॅक फ्यूजन ड्राइव्हवाला (फिरती हार्ड डिस्क आणि छोटी एसएसडी यांची जोडी असलेला) असेल तर बाहेरून एक चांगली एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावून त्यावर सिस्टिम टाका. तेच मशीन आहे यावर घरातल्यांचा विश्वास बसत नाही, इतका फरक पडतो.

बॅटरीबद्दल मात्र मी कुणाला "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू देत नाही. ट्रॅकपॅड अचानक कडक झाला, क्लिक बसेना, मशीन सपाट टेबलावर डुगडुगायला लागलं किंवा झाकण मिटल्यावर एका कडेला फट राहू लागली, तर बॅटरी फुगल्याची शंका घ्या. लोक याला ट्रॅकपॅडचा बिघाड समजतात आणि आणखी जोर लावून दाबतात. तसं अजिबात करू नका. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. बॅटरी नुसती थकलेली असेल तर आकडा पाहून ठरवा: ऑप्शन की दाबून ॲपल मेनू उघडला की सिस्टिम इन्फर्मेशन येतं, त्यात पॉवरखाली सायकल काउंट, म्हणजे बॅटरी पूर्ण वापरून किती वेळा झाली तो आकडा, असतो. आजच्या बहुतेक मॅकबुकची बॅटरी १००० सायकलसाठी बनवलेली असते. तुमचा आकडा त्याच्या आसपास आला असेल आणि बाकी मशीन धड असेल, तर बॅटरी बदलण्याचा खर्च रास्त आहे.

आता जे आपल्या हातात नाही त्याकडे येतो. ॲपलने स्वतःच्या चिपकडे जायची घोषणा जून २०२० मध्ये केली आणि पहिले एम१ मॅक त्याच वर्षी नोव्हेंबरात आले. जून २०२५ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की टाहो (मॅकओएस २६) ही इंटेल मॅकसाठीची शेवटची सिस्टिम. तीही सगळ्या इंटेल मॅकना मिळत नाही. २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टवाला १३ इंची प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो, एवढेच त्यात बसले. सगळ्यात जिव्हारी लागतं ते मॅकबुक एअरवाल्यांचं. मार्च २०२० मध्ये इंटेल एअर आला, नोव्हेंबरात एम१ एअर. दोन्हींत आठ महिन्यांचं अंतर, पण एकाला टाहो मिळते आणि दुसरा तिच्या आधीच्या सिकोया सिस्टिमवर थांबलाय. ज्यांनी त्या उन्हाळ्यात टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी म्हणून एअर घेतला, त्यांचं वाईट वाटणं मला पूर्ण समजतं.

सिकोयावर थांबला म्हणजे मशीन संपलं असं नव्हे. ॲपल चालू सिस्टिम आणि तिच्या आधीच्या दोन सिस्टिम्सना सुरक्षेचे अपडेट देत आलंय. हा लेखी नियम नाही, पण बरीच वर्षं पाळलेला शिरस्ता आहे. त्या हिशेबाने सिकोयाला २०२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत आणि टाहोला २०२८ पर्यंत अपडेट मिळायला हवेत. माझ्या लेखी मॅकचं वय असं मोजावं. सुरक्षेचे अपडेट येतायत तोवर तो कामाचा. २०१७ चा एअर मॉन्टरे या जुन्या सिस्टिमवर थांबलाय आणि त्याला आता अपडेट येत नाहीत. तो दिसायला कितीही ठणठणीत असला तरी त्यावर यूपीआय, नेटबँकिंग, आयकर हे काही करू नये. गाणी, सिनेमे, लिखाण खुशाल चालू द्या. ॲपलने नाकारलेल्या मशीनवर नवी सिस्टिम बसवून देणारा ओपनकोअर लेगसी पॅचर मला माहीत आहे, आणि तो फुकट घडवणाऱ्या मंडळींबद्दल मनापासून आदर आहे. पण अपडेट आला की त्याचे पॅच पुन्हा लावावे लागतात, तोवर ग्राफिक्स नाहीतर वाय-फाय रुसतं. हौसेसाठी दुसरं मशीन असेल तरच करा.

मराठी छपाईतल्या लोकांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. २०१९ मध्ये कॅटालिना ही सिस्टिम आली तेव्हा जुन्या धाटणीचं ३२-बिट सॉफ्टवेअर चालणं बंद झालं. जानेवारी २०२३ पासून अडोबीने (इनडिझाइन, फोटोशॉप बनवणारी कंपनी) टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार काढून घेतला. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकं यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार देतो. फॉन्ट गेला की पानभर मजकुराची जागा निरर्थक चिन्हं घेतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात मोहावेवाला (कॅटालिनाच्या आधीच्या सिस्टिमचा) एक म्हातारा मॅक जपून ठेवलेला असतो, आणि तो शहाणपणाच आहे. फक्त त्याचं वाय-फाय बंद ठेवा.

पण तो मॅक एक दिवस चालू व्हायचा नाही. तो चालू आहे तोवर एकेक फाइल उघडा, फॉन्ट आत घालून पीडीएफ काढा, आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून वेगळा ठेवा. आणल्यावर मुद्रितशोधन करावंच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी हमखास इथेच अडखळतात: "स्थिती", "कीर्ती", "मार्मिक" असे शब्द आधी तपासा. काम किचकट आहे, पण हे कुठलीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही.

इतरांनीही नवा मॅक घेण्याआधी आपली ॲप्स पाहून घ्यावीत. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ॲप्लिकेशन्सची यादी आहे, त्यात काइंडच्या रकान्यात इंटेल लिहिलेलं असेल तर ते ॲप नव्या मॅकवर रोझेटाच्या (इंटेलसाठीची ॲप्स नव्या चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने चालेल. ही मदत मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे मिळणार आहे. त्यानंतर ती काही जुन्या गेम्सपुरतीच उरेल. नवा घ्याल तेव्हा मेमरी १६ जीबीच्या खाली घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलनेच एअरची किमान मेमरी ८ वरून १६ वर नेली, यातून काय ते समजा.

नवा झेपत नसेल तर सेकंड हँड एम१ एअर घ्या, इंटेल मॅक आता कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पण पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. विकणाऱ्याला सेटिंग्जमधून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करायला सांगा, मग मशीन तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पहिल्यापासून सेटअप सुरू करा. जुन्या मालकाचा ॲपल अकाउंट मागितला तर ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मशीन मालकाच्या खात्याशी बांधून ठेवणारं कुलूप, निघालेला नाही. तो मालकाकडून तिथल्या तिथे काढून घ्या. रिमोट मॅनेजमेंटचा पडदा आला आणि त्यावर एखाद्या कंपनीचं नाव दिसलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. कंपन्यांचे लॅपटॉप लिलावातून बाजारात येतात आणि नोंद काढायची राहून जाते, किंवा ते चोरीचेही असतात. "हे आमचा माणूस बायपास करून देतो" असं कुणी म्हणालं तरी पुढच्या वेळी मशीन पुसलं की तोच पडदा परत येतो. किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी तिथून उठा.