कुत्र्याचं डोकं आणि वडाप

परदेशातून आलेला माणूस बॅगेतनं चॉकलेटं काढतो, मी वही काढतो. चौकोनाची वही, सांगलीतनंच नेलेली, आणि चार रंगांची स्केचपेनं. मुलगी बर्लिनला असते, ती कामावर गेली की मी दिवसाचा पास काढून ट्राममधे बसायचो, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो, परत यायचो आणि संध्याकाळी आठवून आठवून नकाशा काढायचो. "अहो, छापलेला फुकट मिळतो की!" इति बायको. मिळतो ना, पण दुसऱ्यानं सोडवलेलं शब्दकोडं वाचण्यात काय मजा?

तिथं लोकलची एक गोल लाइन आहे, एस-४१ घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि एस-४२ उलटी, तासाभरात चक्कर पुरी. खरा आकार काढला तर कुत्र्याचं डोकं दिसतं, तिथले लोकही तसंच म्हणतात. नातीनं लगेच त्याला डोळा काढला, जीभ काढली. मला मात्र हॅरी बेकसारखं काढायचं होतं. हा लंडनचा ड्राफ्ट्समन, १९३१ ला त्यानं तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या सर्किटसारखा काढला, सगळ्या रेघा उभ्या, आडव्या नाहीतर ४५ अंशात, आणि १९३३ ला तो छापला गेला. अंतरं खोटी, पण स्टेशनांचा क्रम पक्का. खाली उतरलेल्या माणसाला तेवढंच तर लागतं.

तर ट्रामला मी हिरवा रंग दिलेला. आठवड्याभरानं बघतो तर पानाची उजवी बाजू हिरवीगार आणि डावी जवळजवळ कोरी. म्हटलं आपणच आळस केला असणार, म्हणून दोन दिवस तिकडं पायपीट केली, तर बस आहे, भुयारी रेल्वे आहे, ट्राम नाहीच. मुलगी म्हणाली, "बाबा, पश्चिम बर्लिननं १९६७ लाच ट्राम बंद केल्या, पूर्वेनं ठेवल्या." भिंत पडल्यावर थोड्या लाइनी पलीकडं वाढवल्या म्हणे, पण तेवढ्याच. मी वहीत भिंत काढलीच नव्हती हो, तरी ती उमटली होती! ते पान मी बराच वेळ नुसतं बघत बसलो.

सांगलीला आल्यावर हात शिवशिवत होते म्हणून सांगली-मिरज वडापचा, म्हणजे शेअर रिक्षा-जीपचा, नकाशा काढायला घेतला. सोपं वाटलं, सरळ तर रस्ता आहे. विश्रामबागला वडापवाल्याला विचारलं, थांबे कुठं कुठं आहेत? तो म्हणाला, "तुमी हात करा की, तितं थांबा." आता बेक असता तर त्यानं काय केलं असतं? थांब्याची खूण करायची तर अख्ख्या रेघेवर करावी लागणार. शेवटी एकच जाड रेघ मारली, एका टोकाला सांगलीचा गोळा, दुसऱ्या टोकाला मिरजेचा, आणि फोटो काढून नातीला पाठवला.

तिचा लगेच फोन. "आजोबा, हे कुत्र्याचं हाड आहे ना?"