लसीच्या कार्डावर एकच स्टिकर

कुत्र्याला घेऊन तळ्याकाठी किंवा खाडीकाठी फिरायचं ठरवलं असेल तर पट्टा, पाण्याचं भांडं, गोचिडाची गोळी हे सगळं नंतर बघा. आधी लसीचं कार्ड उघडा आणि प्रत्येक तारखेसमोर किती स्टिकर आहेत ते मोजा. आमच्या बंड्याच्या कार्डावर तीन वर्षं एकेकच स्टिकर लागत होतं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या रोगाची लस त्याला मिळतच नव्हती. माझ्या ते लक्षात आलं मार्चमध्ये, नवी मुंबईच्या तळ्यांवर रोहित पक्ष्यांचा मोसम ऐन भरात असताना. सहा आठवड्यांत उरकणारं काम तिथून पुढे तीन महिने चाललं. तोवर रोहित निघून गेले आणि पाऊस लागला. अजून आठवलं की चिडचिड होते.

कुत्र्यांच्या एकत्रित लसीच्या बहुधा दोन कुप्या असतात. एकीत पांढरी कोरडी वडी असते. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्वो आणि पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूंची लस ती, कार्डावर तिला डीएचपीपीआय लिहितात. दुसऱ्या कुपीतलं द्रव तिच्यात घालून वडी विरघळवतात आणि मग सुईत ओढतात. गोम आहे ती या दुसऱ्या कुपीत. त्या द्रवात लेप्टोस्पायरोसिसची लस असू शकते, नाहीतर ते नुसतं विरघळवण्याचं निर्जंतुक पाणी असतं. समोर उभं राहून बघितलं तरी फरक कळत नाही, इंजेक्शन एकच आणि कुत्राही तेवढाच कुरकुरतो. फरक कळतो तो स्टिकरवर. लेप्टोची कुपी वापरली असेल तर तिचं वेगळं स्टिकर कार्डावर लागतं, त्यावर तिचा बॅच नंबर आणि मुदत असते. काही कंपन्या दोन्हींचं मिळून एकच स्टिकर देतात, पण मग नावाच्या शेवटी तिरकी रेघ आणि एल हे अक्षर असतं. दुसरं स्टिकर नाही आणि एलही नाही, तर लेप्टोची लस दिलेली नाही असंच धरा. पावतीवर ‘सेव्हन इन वन’ लिहिलंय यावर विसंबू नका. आमच्या पावतीवर तेच लिहिलं होतं.

दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सगळं त्यातच येतं.’ येत नाही. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्वो यांच्या लसींचा परिणाम तीन वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतो, लेप्टोचा जेमतेम वर्षभर. म्हणून लेप्टो दरवर्षी द्यावी लागते, आणि आधी कधीच दिलेली नसेल तर एका डोसने भागत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिला डोस शरीराला नुसती ओळख करून देतो, खरं संरक्षण दुसऱ्यानंतर उभं राहतं. त्यानंतरही मी दोन आठवडे थांबायचं ठरवलं होतं.

मार्चच्या मध्याला पहिला डोस झाला. तेव्हाही डीएचपीपीआय पुन्हा टोचण्याचा आग्रह होता. त्याची गरज नसते. लेप्टोची एकट्याची कुपी येते, रेबीजबरोबर जोडलेलीही येते. तशी मागा, नसेल तर मागवायला सांगा. दुसरा डोस चार आठवड्यांनी, म्हणजे १२ एप्रिलला होता. त्या दिवशी गेलो तर साठा संपलेला. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात फ्रीजमध्ये होती ती दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या प्रकारांची. लेप्टोच्या जंतूंचे कितीतरी प्रकार आहेत. काही लसींत दोन असतात, काहींत चार, आणि लस मुख्यतः तिच्यात असलेल्या प्रकारांपुरतीच चालते. पहिला डोस दोनचा आणि दुसरा चारचा दिला तर वाढीव दोन प्रकारांसाठी तो पहिलाच डोस ठरतो. मी नाही म्हटलं. पुन्हा पुढचा आठवडा, पुन्हा तेच. मे उजाडला आणि अंतर सात आठवड्यांचं झालं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्ड बघून सांगितलं की अंतर फार वाढलं, पहिल्यापासून सुरू करू. ४ मेला पहिला, १ जूनला दुसरा. या डॉक्टरांनी कुपी हातात देऊन नाव, मुदत वाचायला लावली आणि स्टिकर माझ्यासमोर चिकटवलं. या साध्या गोष्टीने मला इतकं हायसं वाटलं, की पहिल्या दिवशीच इथे का आलो नाही याची चुटपुट लागून राहिली.

म्हणून पहिला डोस घेतानाच दुसऱ्याची कुपी आपल्या नावाने बाजूला ठेवायला सांगा, हवं तर पैसे आधी द्या. ती दवाखान्याच्याच फ्रीजमध्ये राहू दे. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे मेच्या उन्हात घरी नेऊन परत आणण्याचा उद्योग करू नका. चार प्रकारांची मिळत असेल तर सुरुवातच तिने करा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तोंड सुजणं, उलटी, अंगावर गांधी असं काही व्हायचं असेल तर बहुधा तेवढ्यात होतं.

एवढा अट्टहास लेप्टोसाठी का, तर हा रोग पाणथळीचाच आहे. उंदीर, घुशी, गुरं, भटकी कुत्री यांच्या लघवीतून जंतू बाहेर पडतात आणि साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत कित्येक आठवडे जगतात. पंजाला बारीक चीर असली, कुत्र्याने डबक्यातलं पाणी चाटलं, तरी पुरतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची मोठी साथ आली होती, ती अशाच पाण्यातून. कुत्र्याकडून घरच्यांनाही तो होऊ शकतो. ताप, न खाणं, उलट्या, मागचे पाय आखडणं, अचानक खूप पाणी पिणं, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसणं, यातलं काहीही पाणथळीतून आल्यावर दोनतीन आठवड्यांत दिसलं तर ‘आम्ही पाण्याकाठी गेलो होतो’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची पीसीआर तपासणी उपयोगाची, नंतर लघवीची. अलीकडे लस झाली असेल तर तेही सांगा, कारण प्रतिपिंडांच्या तपासणीत लसीचेच आकडे दिसू शकतात. माणसांना देतात म्हणून घरातली डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नका.

लस झाली म्हणजे कुत्र्याला पाण्यात सोडायचं असं मुळीच नाही. निघण्याआधी घरी पोटभर पाणी पाजा, म्हणजे डबक्याकडे ओढ कमी होते. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. १८ किलोच्या कुत्र्याला एक लिटर धरा आणि त्यातलं अर्धं बरोबर घ्या. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर तिथून मागे फिरा. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं आणि त्यावर लस नाही.

गोचिडाचं लिहायचं राहिलं. मानेवर टाकायचं औषध पाणथळीला जाण्याआधी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ते केसांवरून पाण्यात उतरतं आणि पाणकिडे मारतं, पक्षी ज्यांच्यावर जगतात तेच. गोळी बरी. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. तरीही परतल्यावर कान, बोटांमधल्या खाचा आणि पट्ट्याखालची मान हाताने चाचपा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल, तेल काही लावायचं नाही.

कुठे जायचं यापेक्षा कुठे जायचं नाही हे आधी पक्कं करा. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे कुत्रा नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नको, आणि विहार व तुळशी तलाव त्याच जंगलात येतात. कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांत जातात, नुसतं भुंकण्यापुरता तो प्रश्न नाही. पवई तलावाचा रस्ता मोकळा आहे, पण पाण्यात मगरी आहेत. काठाच्या उतारावर कुत्र्याला उतरवू नका, वरच्या फुटपाथवरच चाला. आरे आणि पवईच्या बाजूला दिवस मावळल्यावर तर नकोच. तिथल्या बिबट्याच्या आहारात कुत्रा हा नेहमीचा भाग आहे.

खाडीकाठी जायचं असेल तर आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पसरलेले असतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि रोहित, शेकाटे, तुतवार विसाव्याला काठाजवळच्या तळ्यांवर येऊन दाटीने उभे राहतात. त्या वेळी एका कुत्र्याने पाचशे पक्षी उडतात आणि साठवलेली ताकद उगीच जाते. त्यामुळे मी भरती सोडून जातो. पट्टा दोन मीटरचा, न लांबणारा. मार्चपासून पावसापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खडीच्या रंगाचीच. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की अंडी जवळ आहेत असं समजा आणि आल्या वाटेने परत फिरा. चिखलात कुत्र्याला सोडू नका. खाडीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि पोटापर्यंत आत घेतो.

घरी आल्यावर पंजे स्वच्छ पाण्याने धुवा आणि बोटांमध्ये कोरडे करा. जखम दिसली तर हातमोजे घालून. जखम भरेपर्यंत पाणथळ बंद.

बंड्याचा पुढचा लेप्टोचा डोस १ जूनला आहे, पावसाच्या तोंडावर. फोनमध्ये आठवण मात्र १ मेची लावली आहे, म्हणजे कुपी मिळाली नाही तरी शोधायला महिना हातात राहील. कार्डाच्या दोन्ही स्टिकरांचा फोटोही त्याच आठवणीला जोडलाय, कुठली लस मागायची ते विसरायला नको.