कॅलेंडरवरचं ‘पोट’

दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, हे सगळं मी कालनिर्णयवर लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्याच चौकटींत मी ‘पोट’ असं लिहायला लागले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. सारखं पोट दुखतं म्हणायचा, म्हणून औषध दिलं त्या दिवसाची नोंद.

इंदूरला रामबागेत आमचं घर. जवळच्याच बालरोगतज्ज्ञ बाईंनी रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं केलं. काहीच निघालं नाही. मग त्यांनी मला एकटीला बसवून विचारलं, “दुखतं कोणत्या वारी?”

घरी येऊन कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. प्रत्येक ‘पोट’ मंगळवारी, नाहीतर शुक्रवारी. दिवाळीच्या सुट्टीत एकही नाही. मंगळवार-शुक्रवार म्हणजे तबल्याची शिकवणी.

मग बाकीचं एकेक आठवत गेलं. पाचव्या वर्षी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं होतं. आम्ही म्हटलं, थंडी आहे. आंघोळीला कडी लावून घ्यायचा. म्हटलं, मोठा झाला. क्लासला जाताना एकावर एक दोन चड्ड्या घालायचा, त्यावरून मी त्याला रागावलेही होते. नवा कंपास बॉक्स ‘सरांनी दिला’ म्हणाला, तेव्हा तर आम्हाला कौतुकच वाटलं. हा माणूस आमच्या गणपतीच्या आरतीला उभा राहायचा, सासूबाई त्याला मोदकांचा डबा बांधून द्यायच्या. यातली एकेक गोष्ट कुठल्याही मुलाच्या बाबतीत होऊ शकते, परीक्षेच्या धास्तीनेसुद्धा. मी त्या कधी एकत्र मांडल्याच नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं: खोदून विचारू नका, त्या माणसाचं नाव स्वतःहून घेऊ नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शिकवणी त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मी एवढंच म्हटलं, “क्लास बंद झाला तर बरं वाटतंय का रे?” तो बराच वेळ दाणे मोजत राहिला. मग म्हणाला, “आई, मी सांगितलं तर तू आजारी पडशील. सर म्हणाले.”

“नाही पडणार. सांग.”

त्याने काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. माझे हात थरथरत होते, ते मी मटाराच्या सालींत खुपसले. म्हटलं, “सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझी यात काहीच चूक नाही.” दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे रात्री वहीत उतरवले, तारीख-वेळेसह.

घरात रात्रभर वाद झाला. ‘मुलगा आहे, विसरून जाईल,’ ‘समाजात तोंड कसं दाखवायचं.’ मुलग्यांच्या बाबतीत हे असं होतं हेच घरात कुणाला पटेना. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलगे मुलींइतकेच होते. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे. हे वाचून दाखवल्यावर यांनी गाडीची किल्ली उचलली.

पोलीस ठाण्यात पहिला माणूस म्हणाला, “आपस में निपटा लो.” आम्ही जागचे हललो नाही. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, तिथूनच फोन लावला. मग मात्र सगळं कायद्यात आहे तसं झालं. महिला उपनिरीक्षक साध्या सलवार-कमीजमध्ये घरी आल्या. मुलाचा जबाब मी शेजारी असताना घेतला. तो मराठीत बोलला, म्हणून भाषांतर करणाऱ्या बाई होत्या. वैद्यकीय तपासणीतही मी त्याचा हात धरून होते. अंगावर काहीच खूण निघाली नाही, आणि मी घाबरले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेक मुलांच्या बाबतीत खूण नसतेच. त्यामुळे मूल खोटं ठरत नाही. कोर्टात त्याला त्या माणसाचं तोंड बघावं लागलं नाही, आणि मुलाचं नाव कुठे छापायलाही कायद्याची बंदी आहे.

निकाल अजून लागायचा आहे. समुपदेशक ताईंकडे दर शनिवारी जातो. अंथरूण कोरडं राहायला सात महिने लागले. सासूबाई आता त्याच्याजवळ झोपतात. त्या रात्रीबद्दल त्यांनी त्याची माफी मागितली, तीही त्याला समोर बसवून.

परवा मला साधा खोकला झाला. शाळेतून आला, दप्तर पाठीवरच, आणि आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी म्हटलं, “धूळ गेली रे घशात.” तरी चहा होईपर्यंत ओट्याशीच उभा होता.