अर्पणपीठावरची झिजलेली ओळ अखेर लागली

मंडळी, येमेनमधल्या त्या सबाई, म्हणजे प्राचीन सबा राज्यातल्या, अर्पणपीठावरच्या लेखाच्या वाचनात मोठी अडचण सुटली. आनंद मावत नाहीये!

ज्यांनी फोटो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चुनखडीचं पीठ, वरचा भाग खोलगट, भोवती काठ आणि एका बाजूला बैलाचं मुख. शाळुंकेची पन्हळ आठवा. देवाला वाहिलेलं द्रव तसंच या मुखावरून बाहेर पडायचं. काठावर मुस्नद, म्हणजे प्राचीन दक्षिण अरबी लिपीतली एकच ओळ आहे.

अडलं होतं क्रियापदापाशी. मुस्नदमध्ये २९ व्यंजनं, स्वर लिहीत नाहीत, वाचायचं उजवीकडून डावीकडे आणि दोन शब्दांमध्ये उभी रेघ. त्यात वर्तुळवाली अक्षरं फार सतावतात. नुसतं वर्तुळ म्हणजे अयन (घशातून उच्चारायचं एक व्यंजन), आत उभी रेघ असली की व, तीच रेघ वर-खाली बाहेर आली की क़, वर्तुळाखाली दांडी असली की य. दगड झिजला आणि बाहेरची टोकं गेली, की व आणि क़ ओळखणं मुश्किल.

समोरून उजेड पडलेल्या फोटोत तिथे व दिसतो. तिरप्या उजेडातल्या फोटोत मात्र वर्तुळाखाली बारीक खाच उमटली. पुढे देवाच्या नावात, अल्मक़हमध्ये, क़ शाबूत आहे. तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून झिजलेल्या अक्षरावर ठेवला, तर खाच बरोबर क़च्या रेघेच्या खालच्या टोकावर बसली. म्हणजे शब्द ह-क़-न-य, 'अर्पण केलं'. सुरुवातीचा ह फार मोलाचा, कारण कतबानी किंवा मिनाई या शेजारच्या भाषांतल्या लेखात तिथे स आला असता. अल्मक़ह हा सबाचा मुख्य देव, त्यामुळे सगळं जुळतं.

या लिपीशी मुंबईचंही नातं आहे. मुंबईत तळ असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या 'पॅलिनुरस' जहाजावरचा अधिकारी वेलस्टेड याने १८३४ मध्ये येमेनच्या किनाऱ्यावरच्या हुस्न अल-घुराबचा लेख उतरवून घेतला. १८४१ मध्ये गेझेनियस आणि र‍्योडिगर या जर्मन अभ्यासकांनी लिपी उलगडली, तेव्हा अशा नकला फार उपयोगी पडल्या.

आता दात्याचं नाव. 'बन', म्हणजे मुलगा, इथपर्यंत स्पष्ट आहे. पुढचं बापाचं नाव काठाच्या टवक्यात गेलंय. तिथे अंदाजाने अक्षरं भरणार नाही, चौकटी कंसात जागा मोकळी सोडणार. कुणाकडे दुसऱ्या बैलमुखी पीठाचा तिरप्या उजेडातला फोटो असेल तर जरूर पाठवा. मुखाजवळ अक्षरांची जागा कारागीर कशी साधत, ते ताडून बघायचंय.