कॅटपल्टच्या नोंदवहीचा शेवटचा दिवस

10 मे 2012 हा गुरुवार होता. ब्रिटिश नौदलाच्या दोन नव्या विमानवाहू नौकांच्या कामात असंख्य उपकंत्राटदार होते आणि त्यांपैकीच एका लहान कंपनीत मी खर्चाचे अंदाज तयार करत असे. संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड त्या दिवशी संसदेत निवेदन करणार, हे आम्हाला सकाळीच कळले होते. निवेदनाचा विषय काय असेल, याची कुणकुण मात्र त्याआधीच लागली होती, कारण गेले काही आठवडे आम्ही वर पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरे येणेच बंद झाले होते.

मूळ योजनेप्रमाणे या नौकांवर एफ-35बी विमाने यायची होती. या विमानात वैमानिकाच्या मागे एक उभा पंखा असतो आणि शेपटीकडची नळी खाली वळते, त्यामुळे ते आखूड धावेत उडते व सरळ खाली उतरते. नौकेला पुढे चढाची स्की-जंप असली की काम भागते. ऑक्टोबर 2010 मध्ये नव्या आघाडी सरकारने संरक्षण धोरणाचा घाईघाईने आढावा घेतला आणि विमान बदलले. आता एफ-35सी हवे होते, कारण त्याचे पंख मोठे, पल्ला लांब, शस्त्रे वाहण्याची क्षमता अधिक, आणि शिवाय अमेरिकी व फ्रेंच नौकांवरची विमाने आपल्या नौकेवर व आपली त्यांच्या नौकांवर उतरवता येतील असा हिशेब होता. युक्तिवाद चुकीचा नव्हता. विमान म्हणून सी हे बीपेक्षा सरस आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पण त्याला उडायला कॅटपल्ट, म्हणजे विमान झटक्याने पुढे फेकणारे यंत्र, लागते आणि उतरताना हुकाने पकडायला डेकवर आडव्या ताणलेल्या तारा लागतात. यांपैकी काहीही आमच्या नौकेवर नव्हते.

‘पुढे गरज पडल्यास बदल करता येईल अशी रचना’ हे शब्द मात्र सुरुवातीच्या कागदपत्रांत होते आणि माझे सारे काम त्या शब्दांपाशीच अडले. आराखड्यावर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात कधीच मोकळी राहत नाही. डेकखालच्या एखाद्या कप्प्यातून आज हवेची नळी जाते, उद्या केबलचा ट्रे जातो, परवा कुणीतरी तिथे पंप बसवतो, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबरच असतो. माझ्या नोंदवहीत प्रत्येक कप्प्यापुढे तीन रकाने होते: काय हलवायचे, कुठे हलवायचे, आणि ते हलवल्यामुळे आणखी काय हलवावे लागेल. तिसरा रकाना कधी भरूनच झाला नाही. एकदा मी एकाच केबलमार्गाचा माग काढायला बसले, तेव्हा संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर 14 आराखडे पसरलेले होते आणि केबल अजून निम्म्या वाटेवरच होती.

त्यातून या जहाजांवर वाफ नव्हती. गॅस टर्बाइन आणि डिझेल इंजिनांवर चालणाऱ्या नौकेत जुन्या पद्धतीच्या कॅटपल्टसाठी बॉयलर आणायचा कुठून? म्हणून विद्युतचुंबकीय कॅटपल्ट ठरले, जे अमेरिका न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट येथे जमिनीवर तपासत होती. त्यावरून पहिले विमान डिसेंबर 2010 मध्ये उडाले, म्हणजे ब्रिटनने त्यावर भिस्त ठेवण्याचा निर्णय जाहीर केल्यानंतर दोन महिन्यांनी. कोणत्याही नौकेवर न बसवलेल्या यंत्राचा खर्च आणि वजन मी गृहीत धरत होते, आणि दोहोंपैकी ज्या दुसऱ्या नौकेवर, प्रिन्स ऑफ वेल्सवर, ते बसवायचे होते तिचे पहिले पोलाद मे 2011 मध्ये कापूनही झाले होते. एकीकडे जहाज बांधले जात होते आणि दुसरीकडे त्याचे पोट फाडण्याचा हिशेब चालला होता.

हॅमंड यांचे निवेदन आम्ही बैठकीच्या खोलीत पाहिले. कॅटपल्ट आणि तारा बसवण्याचा खर्च दुपटीहून अधिक वाढून सुमारे 2 अब्ज पौंडांवर गेला होता आणि नौका त्यासह 2023 च्या आधी तयार होणार नव्हती, म्हणून सरकार पुन्हा एफ-35बीकडे वळत आहे, असे त्यांनी सांगितले. दुसरी नौकाही आता वापरता येईल, ही त्यांची आणखी एक बाजू होती. विरोधकांनी अर्थातच त्यांना झोडपले. आमच्या खोलीत मात्र कुणी काही बोलले नाही. अखेरीस वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या आरेखकाने चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, ‘‘मग आता ड्रॉइंगची कोणती आवृत्ती खरी?’’

मला त्याचा राग आला होता, पण प्रश्न अगदी योग्य होता. जहाजाचे भाग ब्रिटनभरच्या वेगवेगळ्या गोद्यांत बनत होते आणि रोसाइथला जोडले जात होते. कुठल्यातरी कारखान्यात कॅटपल्टच्या अभ्यासातला एखादा कागद चुकून खरा समजून कुणी पोलादाला भोक पाडले असते, तर ते भरायला पुन्हा वेगळा खर्च आला असता.

संध्याकाळी वास्कोला बाबांना फोन केला. माझे बालपण दाबोळीच्या धावपट्टीच्या आवाजात गेले. आयएनएस हंसा या तिथल्या नौदल विमानतळावरची, सरळ खाली उतरू शकणारी सी हॅरियर विमाने डोक्यावर थबकत, आणि ती पाहायला बाबा मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. विराट या भारतीय विमानवाहू नौकेच्या स्की-जंपची माहितीही मला त्यांच्याकडूनच मिळाली होती. ‘‘अगं, म्हणजे हॅरियरचाच नातू परत आला की!’’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘‘बाबा, पण आमचे हॅरियर तर गेले ना.’’ त्याच आढाव्यात ब्रिटनने आपली हॅरियर विमाने निवृत्त केली होती आणि 2011 मध्ये 72 विमाने 11 कोटी 60 लाख पौंडांना अमेरिकेला विकून टाकली होती. ज्या सरकारला अखेर आखूड धावेचेच विमान हवे होते, त्याने आपले उभ्याने उतरणारे ताफे आधीच मोडीत काढले होते. बाबा क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी मी जेवले का ते विचारले.

शुक्रवारी मी नोंदवही उघडली आणि प्रत्येक ओळीसमोर ‘रद्द’ लिहायला सुरुवात केली. संगणकावर ते एका कळीत झाले असते, पण प्रत्येक कप्प्याचा जुना क्रमांक मूळ आराखड्याशी पुन्हा जुळतो की नाही हे पाहणे भाग होते, आणि दोन ठिकाणी तो जुळला नाही. दोन्ही ठिकाणी अभ्यासासाठी आखलेला केबलमार्ग मूळ ड्रॉइंगमध्ये शिरला होता. ते दुरुस्त करायला तीन आठवडे गेले.

पुढच्या वर्षी राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या उलटसुलट निर्णयाचा खर्च 7 कोटी 40 लाख पौंड असा मांडला. मी तो अहवाल रात्री उशिरापर्यंत वाचला. केबलमार्गांचा स्वतंत्र उल्लेख त्यात मला कुठे सापडला नाही.