गेट सुटली पण दाखला अडला: माझा एमटेक कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या अ‍ॅडमिशनचा अनुभव

आधीच सांगून टाकते, मी टॉपर वगैरे काही नाही. जळगावपासून तासाभरावर आमचं गाव, वडील म्हणजे आमचे आप्पा मिस्तरी आहेत, स्वतःची सेंटरिंगची गँग आहे, आणि मी घरातली पहिली इंजिनिअर. 2022 ला सिव्हिलची डिग्री झाली आणि नाशिकला एका बिल्डरकडे साइटवर लागले. पगार पंधरा हजार, सकाळी आठला साइट आणि सुटायची वेळ स्लॅब सांगेल ती.

तिथंच डोक्यात बसलं की आपल्याला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकायचं. कारण साइटवर बांधकाम अडतं ते डिझाईनमुळे फार कमी वेळा, ते अडतं सळई वेळेवर आली नाही म्हणून, प्लंबरच्या आधी प्लास्टरवाला आला म्हणून, नाहीतर होळीला अर्धी गँग गावी गेली म्हणून. आप्पांकडं हे सगळं खिशातल्या एका मळकट डायरीत असायचं, कुणाची हजेरी किती, स्लॅबखालचे कुठले प्रॉप, म्हणजे टेकू, कधी लावले. मोठ्या साइटवर तेच काम लाखाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात आणि तरी चुकतं!

असो. एनआयटी म्हणजे केंद्र सरकारची इंजिनिअरिंग कॉलेजं, तिथल्या एमटेकला गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, तो हजारापैकी असतो आणि तीन वर्षं चालतो. पहिला अटेंप्ट फेब्रुवारी 2023 ला जॉब करत करत दिला, क्वालिफाय झाले पण स्कोअर साडेतीनशेच्या आसपास, त्यावर मला पाहिजे तिथं काही मिळणार नव्हतं. ऑगस्टमध्ये जॉब सोडला. आई म्हणाली, आता लग्नाचं बघू. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त वरच्या खोलीत टेबल आणून ठेवला, सेंटरिंगच्या प्लायचाच बनवलेला.

अभ्यासाचं फार लिहीत नाही, ते सगळीकडे सापडतं. दोनच गोष्टी. एक, ज्या विषयासाठी मी हा सगळा उपद्व्याप करत होते त्या पर्ट-सीपीएमला (कामांचं वेळापत्रक बसवायच्या पद्धती) पेपरात चार-पाच मार्कांपेक्षा जास्त काही मला कधी दिसलं नाही, बाकी सगळं सॉइल, फ्लुइड, स्ट्रक्चर, एन्व्हायर्नमेंट, मॅथ्स, म्हणजे मॅनेजमेंट शिकायला जायचं तर आधी सगळं सिव्हिल परत शिका. दुसरं, 100 मार्कांपैकी 15 जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे असतात आणि ते मी पहिल्या वेळी चक्क सोडून दिले होते. आणि नंबर टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नसतं, तिथं रिकामं सोडून येणं म्हणजे वेडेपणा. माऊसने चालवायचा तो स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर आधीपासून वापरा, मी हातातल्या कॅल्क्युलेटरवर सराव केला आणि पहिल्या वेळी त्यातच गडबडले.

2024 ला स्कोअर पाचशेच्या वर गेला. घरी शेवभाजी झाली. मला वाटलं संपलं आता.

खरा घोळ इथून सुरू झाला. एनआयटीचे एमटेक प्रवेश सीसीएमटी नावाच्या एकाच काउन्सेलिंगमधून होतात, तिथं ओबीसीसाठी नॉन क्रीमी लेअर लागतं. माझ्याकडं होतंच की, डिग्रीच्या अ‍ॅडमिशनला काढलेलं. मे महिन्यात सहज माहितीपत्रक वाचत बसले तर त्यात लिहिलेलं, दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला पाहिजे आणि त्याच वर्षी 1 एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला पाहिजे. माझा होता राज्याच्या नमुन्यातला, आणि जुना. पोटात गोळाच आला.

सेतूवर गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ताई एकच असतं नॉन क्रीमी लेअर. मी मोबाईलवर नमुना दाखवला, तेव्हा कुठं त्याने आत विचारलं. मग तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला नवीन, आप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यात आप्पांचं नाव एका काना-मात्रेने वेगळं, मग त्याचं अ‍ॅफिडेव्हिट. हे सगळं कधी, तर लोकसभेच्या टायमाला. आमच्याकडं मतदान 13 मेला होतं, अर्धं ऑफिस इलेक्शन ड्युटीवर, मतदान झालं की सुरळीत होईल म्हटलं तर साहेब मतमोजणीच्या तयारीत, ती 4 जूनला. बाहेर 44-45 डिग्री, एसटी स्टँडपासून ऑफिसपर्यंत ओढणी ओली करून डोक्यावर घेऊन जायचे. सहा चकरा झाल्या. चौथ्या चकरेला माझी फाईलच सापडेना, दुसऱ्याच गठ्ठ्यात बांधलेली निघाली. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, लपवत नाही.

मजा बघा, क्रिटिकल पाथ म्हणजे ज्या कामाला एक दिवस उशीर झाला की पूर्ण प्रोजेक्ट एक दिवस पुढं जातो, हे मी वर्षभर घोकत होते आणि माझ्या स्वतःच्या अ‍ॅडमिशनमध्ये ते काम कुठलं हेच ओळखलं नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला असता तर निवांत झालं असतं. तर ज्यांना पुढच्या वर्षी करायचंय त्यांनी गेटच्या निकालाची वाट न बघता कागद जमवायला घ्या आणि सेतूवर जाताना नमुन्याची प्रिंट घेऊनच जा, तोंडी सांगून उपयोग नाही.

दाखला जूनमध्ये हातात आला. अक्षरशः शेवटच्या दिवसांत अपलोड केला.

चॉईस फिलिंगला मी वर कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट असलेल्याच जागा टाकल्या, सुरतकल, तिरुची वगैरे, खाली सेफ्टीला दुसऱ्या ब्रँच. पहिल्या राउंडला एका एनआयटीत ट्रान्सपोर्टेशन लागलं. आता फ्रीझ करायचं की फ्लोट? फ्रीझ म्हणजे हीच सीट पक्की, फ्लोट म्हणजे ही हातात ठेवून वरच्या चॉईसची वाट बघायची, पण वरची लागली की ही गेली. मामांचा फोन, सरकारी कॉलेज आहे ना, घेऊन टाक. आप्पांना समजावलं तर ते अहिराणीत म्हणाले, "माले बठ्ठं समजस. हातनी सीट जास नही ना? मंग थांब." (बठ्ठं म्हणजे सगळं.) बाहेर स्लॅबखालचे प्रॉप काढायची घाई कुणी केली की याच सुरात बोलतात. बांधकामाच्या नियमांच्या कोडमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस दिलेत, आप्पा एकवीसच्या आत हात लावू देत नाहीत.

थांबले. दुसऱ्या राउंडला काहीच हललं नाही. तिसऱ्याला एनआयटी कर्नाटक, मंगळुरूजवळचं सुरतकल, कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट. महिन्याला 12,400 स्टायपेंड, त्यामुळे घरून पैसे मागायची वेळ नाही हे आईला सगळ्यात आधी सांगितलं.

जळगावहून मंगला एक्सप्रेस थेट मंगळुरूला जाते हे मला तिकीट काढेपर्यंत माहीत नव्हतं. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं दहा जणांचं बांधून दिलं. रात्री बसले, पुढचा अख्खा दिवस गाडीत, पावसाळ्यात कोकणात ती अजूनच हळू चालते. आप्पा सोडायला यायचे होते पण स्लॅब होता. कॉलेजला स्वतःचा समुद्रकिनारा आहे, पोचल्यावर पहिला फोटो त्यांना पाठवला. उत्तर आलं व्हॉइस मेसेजमध्ये, मागे मिक्सरचा आवाज: "एवढी खारी हवा, तठे सळई सडत नही का वं?"