दुखणे डोक्यात, गळती पाठीत

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आक्काला, गेल्या दिवाळीनंतर जी डोकेदुखी सुरू झाली ती आडवे झाले की दहा-पंधरा मिनिटांत ओसरायची आणि उभे राहिले की परतायची. राजारामपुरीतल्या घरात ती कुकर लावून ओट्याखालीच चटईवर पडून शिट्ट्या मोजायची, तिसऱ्या शिट्टीला उठून गॅस बंद करायची आणि पुन्हा आडवी व्हायची. "झोपलं की काय न्हाई, उठलं की मान मोडल्यागत हुतंय," या तिच्या एका वाक्यात निम्मे निदान होते; परंतु अर्धशिशी, सायनस, मानेचा मणका असे करत दोन महिने गेले.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर पाणी खेळते असते. मणक्यातील आवरणाला चीर पडून ते झिरपू लागले की मेंदूचा आधार जातो आणि उभे राहताच तो खाली ओढला जातो. महाद्वार रोडवर तिला समोरची रिक्षा दोन-दोन दिसू लागली, ती डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस या ओढीत ताणल्यामुळे. कवटीतली जागा मात्र ठरलेली. कमी झालेल्या पाण्याची जागा भरायला शिरा फुगतात, आणि त्यातली एखादी बारीक शीर ताणून तुटली तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचते. आक्काच्या एमआरआयमध्ये ते दोन्ही बाजूंना दिसले.

ते पाहताच कवटीला छिद्र पाडण्याची तयारी झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला: शुद्ध हरपू लागली तर प्रश्न वेगळा, पण गळती चालू ठेवून वरचे रक्त काढले तर ते पुन्हा साचते, आणि कधी प्रकृती आणखी बिघडते. या आजारात त्या पाण्याचा दाब (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात तो) ६ सेंटिमीटरच्या खाली जातो असे पुस्तकात असले, तरी अनेक रुग्णांत तो ठीकच भरतो, म्हणून त्यांनी भर दिला तो लक्षणांवर आणि एमआरआयवर.

गळती बुजावी म्हणून भूलतज्ज्ञांनी तिच्याच हातातले २० मिलिलिटर रक्त पाठीत, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर सोडले. 'ब्लड पॅच', म्हणजे रक्ताचे ठिगळ, हा उपाय १९६० पासूनचा आहे. आम्हाला मात्र तो भोंदूगिरीच वाटला होता. संध्याकाळी ती उठून बसली. तिसऱ्या दिवशी कपाळ ठणकू लागले, तेही आडवे झाल्यावर. आम्ही घाबरलो, डॉक्टर म्हणाले, गळती बुजली की दाब काही दिवस उलट वाढतो. त्यावर गोळ्या दिल्या.

वाकायचे नाही आणि जड उचलायचे नाही, या अटीवर तिला घरी सोडले. कुकरपाशी आता मी उभा असतो, आणि शिट्ट्या आक्का आतून मोजते.